स्प्रिंगमामांचा जबडा

खुर्चीवर बसण्याआधी मामा तिच्यावर तळहात दाबून बघत. स्वतःच्या घरातल्या खुर्चीवरसुद्धा.

कुणाकडे गेले की यजमान पाणी आणायला आत वळायचा अवकाश, मामा सोफा जरासा तिरका करून त्याच्या पोटाखाली डोकावत.

कापड घेताना आधी त्याचा वास घेत. कापडवाला म्हणे, "मामा, कापड आहे, खरबूज नाही."

चहा समोर आला की विसरत. मग गार झाल्याबद्दल चहावरच रागावत.

दुपारी कापायच्या टेबलाखाली, फोमच्या कातरणांच्या ढिगात झोपत. गिऱ्हाईक आलं की टेबलाखालून आवाज येई, "बसा हो, आलोच."

बोलत ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून, कारण डाव्या गालात खिळे असत. सुट्टीच्या दिवशी खिळे नसत, तरी बोलणं उजव्या कोपऱ्यातूनच.

आणि काम करता करता मध्येच थांबत, डावा जबडा चोळत, परत कामाला लागत.

मामींनी हे सगळं इतकी वर्षं पाहिलं होतं की त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटच्या सवयीत मात्र होतं. ते त्यांच्या लक्षात यायला फार उशीर लागला.

मामा सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा उसवून, भरून, नव्या करून देत. गल्लीने त्यांचं नाव स्प्रिंगमामा पाडलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. दुकान म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत पाडलेली. एका शेजाराला पंक्चरवाला, दुसऱ्या शेजाराला झेरॉक्सवाली. एका गाळ्यात मामींचं शिलाई मशीन आणि कापडाचे तागे. दुसऱ्यात मामांचा पसारा: सांगाडे, पट्टे, काथ्या, सुतळीची भेंडोळी आणि एका पिंपात सगळ्या मापांच्या स्प्रिंगा. मामी खोळी शिवत, मामा सांगाडे सांभाळत. "कपडे हिचे, हाडं माझी," असं मामा गिऱ्हाइकाला सांगत.

हवेच्या दाबावर चालणारी पिनांची बंदूक त्यांच्याकडे होती. घाईच्या कामाला ती वापरतही. पण जुनी, चांगल्या लाकडाची खुर्ची आली की बंदूक भिंतीला आणि मूठभर बारीक खिळे तोंडात. जिभेने एकेक खिळा फिरवून डोक्याच्या बाजूने ओठांत आणायचा. चुंबकाची हातोडी ओठांजवळ न्यायची. खिळा तिला चिकटला की एका ठोक्यात लाकडात. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. नव्या माणसाला वाटे, मामा हातोडीचे मुके घेतायत.

हे त्यांना वडिलांनी शिकवलं. वडीलही जबडा चोळत. वडिलांचे थोरले भाऊ याच कामात होते, तेही चोळत. घरात त्याला 'कामाचा जबडा' असं नावच होतं. शिंप्याची मान धरते, गवंड्याची कंबर, तसा आपला जबडा. मामांचा पहिल्यांदा दुखला तेव्हा त्यांना बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं. वडील एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या गोष्टीचा जबड्याशी संबंध कुणी लावला नाही. लावायला काही कारणही नव्हतं.

लिव्हरचं प्रकरण निघालं ते एका रक्तदान शिबिरात. झेरॉक्सवालीने फलक छापले होते, म्हणून मामा भिडेखातर गेले. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, दोन पुडे मामींसाठी खिशात घातले. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. मामांना वाटलं, बिस्किटांबद्दल असेल.

बिस्किटांबद्दल नव्हतं. रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू होता आणि तो फार जुना होता. तरुणपणी सोफे घेऊन जाणारा टेम्पो उलटला होता आणि मामा त्याखाली सापडले होते. तेव्हा बाटल्याच्या बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या काळी रक्तात हा विषाणू बघत नसत. लेक झाली, दुकानाचे एकाचे दोन गाळे झाले, लेकीचं लग्न झालं, आणि तो पाहुणा आत निवांत बसून होता.

"म्हणजे इतकी वर्षं फुकट राहिला," मामा म्हणाले.

लिव्हरच्या डॉक्टर तरुण होत्या. मामा त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. मामींनी पहिल्याच भेटीत ताटं, पेले, टॉवेल, सगळ्यांची चौकशी केली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "एका ताटात जेवा, काही होत नाही. हा फक्त रक्तातून जातो. ह्यांचा वस्तरा, नेलकटर, टूथब्रश दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. बस." मामींची तपासणी झाली. त्यांच्यात काही नव्हतं.

तेवढ्यावर मामांचं समाधान झालं नाही. खिळ्यांनी हिरड्या अधूनमधून टोचतातच. त्यांनी आपल्या खिळ्यांचा डबा वेगळा केला, त्याच्या झाकणाला लाल रंग फासला. मामी तोंडात कधी खिळा धरत नसत, तरी त्यांना रोज बजावत, "लाल झाकणाला हात लावायचा नाही."

"मी टाचण्यासुद्धा तोंडात धरत नाही हो."

"तरी. मन बदललं तर?"

मग घरात एक नवीनच चाल पडली. जे काही होईल ते लिव्हरवर. मामा जिने चढून दमले, लिव्हर. दुपारची झोप लांबली, लिव्हर. गिऱ्हाइकावर खेकसले, तेही लिव्हर. मामा तर त्याच्याबद्दल सासुरवाडीच्या माणसासारखं बोलत. "आज आमचं लिव्हर जरा रुसलंय. उद्या या, खुर्ची तयार ठेवतो."

दमणं लिव्हरच्या खात्यात, जबडा खिळ्यांच्या खात्यात. हृदयाच्या खात्यात टाकायला काही उरलंच नाही.

उलट हृदय ही मामांची मिरवायची गोष्ट होती. त्यांचा धाकटा भाऊ बस चालवायचा. डेपोत दर वर्षी तपासणी व्हायची आणि दर वर्षी त्याचं कोलेस्टेरॉल वर. त्याचं तळलेलं बंद, लोणी बंद, अंड्यातला पिवळा भाग बंद. मामांचं कोलेस्टेरॉल मात्र असं होतं की लॅबवाल्याने विचारलं होतं, तुम्ही धावायला जाता का? मामा भावाला मुद्दाम जेवायला बोलावत आणि त्याच्यासमोर तळलेले बटाटे कुरकुरत खात.

"दादा, जरा लाज बाळग."

"माझ्या रक्तात तेल ठरतच नाही रे. घसरून जातं."

"वहिनी, ह्याला समजवा."

मामी म्हणत, "भाऊजी, तुम्ही काकडी खा. त्यांचं पोट, त्यांचं लिव्हर."

औषध सुरू झालं. रोज एक गोळी, तीन महिने. मामांना वाटलं होतं सुया असतील, ऑपरेशन असेल, निदान पथ्य तरी असेल. एवढ्याशा गोळीने त्यांचा जरा अपमानच झाला. गोळ्या संपल्यावर आणखी काही आठवडे थांबून रक्त तपासलं. विषाणू नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं तेव्हा मामांनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

त्या संध्याकाळी त्यांनी लाल झाकणाचा डबा उचलला आणि दुसऱ्या डब्यात उपडा करायला निघाले.

"अहो, थांबा," मामी म्हणाल्या. "तुमच्या तोंडचे जुने खिळे आहेत ते."

"मग?"

"मग टाका ते. नवे आणा. एवढे बरे झालात, चार नवे खिळे नको?"

मामांनी नवे खिळे आणले. त्यातली पहिली मूठ तोंडात टाकून म्हणाले, "चव बदलली."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. फार नाही, चारचौघांसारखं. पण मामा चारचौघांतले नव्हते ना. ते रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर असे बसले की जणू बाईंनीच त्यांच्या सोफ्यावर शाई सांडली होती.

"बाई, हे तुमच्या गोळ्यांनी झालं."

"गोळ्यांनी नाही, मामा. विषाणू गेल्यामुळे."

"म्हणजे तो होता तोवर बरं होतं?"

"तो होता तोवर खरं दिसत नव्हतं." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "कोलेस्टेरॉल लिव्हर बनवतं. विषाणू तिथेच मुक्कामाला होता. तुमची चरबी तो स्वतःच्या कामाला वापरत होता, लिव्हरला ती नीट बाहेर सोडू देत नव्हता. म्हणून रक्तातला आकडा कमी दिसायचा. आता लिव्हर मोकळं झालं, आकडा खरा झाला."

"तेच म्हणतोय मी. बिचारा काम करत होता. तुम्ही मारलात."

मामींनी कपाळाला हात लावला.

"बिचारा?" बाई हसल्या, मग हसायचं थांबवून म्हणाल्या, "मामा, तो नुसता लिव्हरमध्ये बसून नव्हता. इतकी वर्षं अंगात एक मंद आच लावून ठेवली होती त्याने. त्या आचेने रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. सुजलेल्या जागी थर साचतात. आकडा कमी असला तरी साचतात. ज्यांना हा आजार फार वर्षं असतो त्यांना हृदयाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. विषाणू गेला, धोका पुढे कमी होईल. पण साचलंय ते तसंच असणार. एकदा हृदय तपासून घ्या. फिरत्या पट्ट्यावर चालवून बघतात."

"धावायला लावणार?"

"चालायला. मग जरा भराभर."

"बाई, मी बस चुकवतो, पण धावत नाही."

"छातीत दुखतं का कधी?"

"कधीच नाही."

"दम लागतो?"

"माझ्या वयाला शोभेल इतका."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. छातीत कधीच दुखत नव्हतं. जबड्याचं बाईंनी विचारलं नाही आणि लिव्हरच्या डॉक्टरला कामधंद्याची दुखणी सांगायची असतात हे मामांना माहीत नव्हतं. मामी शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्याही मनात आलं नाही.

तपासणी मात्र मामींच्या डोक्यात बसली. घरी येताना त्यांनी ठरवून टाकलं, ह्यांना त्या पट्ट्यावर उभं करायचं. मामांनी ठरवलं, नाही राहायचं. कारणं त्यांच्याकडे भरपूर होती. आधी नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. मग ते संपल्याचा शीण आला. मग बूट नाहीत म्हणाले. मामींनी बूट आणले. मग बूट चावतात म्हणाले.

"लेकीचा फोन आहे. बोला तिच्याशी."

"बाबा, तपासणी कधी आहे?"

"अगं, मला सर्टिफिकेट मिळालंय. विषाणू नाही. नवा झालोय. नव्या मालाची कुणी तपासणी करतं?"

"करतात बाबा. दुकानातून बाहेर पडायच्या आधीच करतात."

मामांनी फोन मामींकडे दिला. "तुझी लेक तुझ्यावर गेलीय."

मामी रोज एकदा विषय काढत आणि मामा रोज एकदा टाळत. हे इतकं नियमाने चालायचं की झेरॉक्सवाली त्या वेळेला मशीन बंद करून ऐकायची.

फरशीने हे मोडलं. दुकानातली फरशी जागोजागी फुटली होती, ती बदलायला काढली. आठवडाभर दुकान बंद. मशीन, सांगाडे, स्प्रिंगांचं पिंप, सगळं मागच्या बोळात ताडपत्रीखाली गेलं. मामा घरात येरझाऱ्या घालू लागले. जेवणाच्या खुर्च्यांच्या सीटा त्यांनी दोनदा तपासल्या. शेवटी मामी म्हणाल्या, "चला, भाऊजींकडे जाऊन येऊ. चालत. मला पाय मोकळे करायचेत."

भावाचं घर चढावर होतं. संध्याकाळ होती, वारा होता, रस्त्याला गर्दी नव्हती. मामा एका कारखान्याच्या मालकाची नक्कल करत होते, ज्याला आपल्या खुर्चीची बैठक समोर बसणाऱ्यांच्या खुर्च्यांपेक्षा बोटभर उंच हवी होती. मामी हसत हसत पुढे गेल्या. नक्कल मध्येच तुटली. वळून बघितलं तर मामा एका कुंपणाला टेकून उभे होते आणि डावा जबडा चोळत होते.

मामी नेहमीप्रमाणे थांबल्या. नेहमीप्रमाणे म्हणणार होत्या, "खिळे काढा जरा तोंडातले."

त्याऐवजी त्या चार पावलं मागे आल्या.

"तोंड उघडा."

"काय?"

"उघडा म्हणते ना."

समोरून एक बाई कुत्र्याला फिरवत येत होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं आणि निमूटपणे तोंड उघडलं. मामींनी आत वाकून पाहिलं. कुत्रंही थांबून पाहू लागलं.

"खिळे कुठायत?"

"खिळे कशाला असतील? फिरायला चाललोय."

"आठवडाभर तोंडात खिळा नाही तुमच्या."

"फरशी झाली की..."

"मग जबडा का दुखतोय?"

मामांनी विचार केला. खरंच केला. "सवय असेल."

"दुखायची सवय?"

मामींनी त्यांचा हात जबड्यावरून बाजूला केला.

"चढ लागला की दुखतो का?"

"चढ, जिने. पट्टे ताणताना. थांबलं की जातं."

"आणि हातोडी मारताना?"

मामा हळूच म्हणाले, "नुसतं बसून हातोडी मारताना नाही दुखत. आत्ता लक्षात येतंय."

उरलेला चढ ते फार सावकाश चढले. मामींनी त्यांचा हात धरला होता. रस्त्यात हात धरलेला मामांना चालत नसे. त्या दिवशी चालला.

भावाने दार उघडलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "या, या. बटाटे नाहीत हं." मामींनी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसता हसता थांबला.

"आमच्या डेपोत एकाने दात काढून घेतला होता," तो म्हणाला. "खालचा. चढावर गाडी ढकलली की दुखतो म्हणायचा. दाताला काही झालं नव्हतं."

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय. हृदय होतं. आता हृदयाच्या नळीत स्प्रिंग घालून फिरतोय. तुझंच खातं आहे ते, दादा, तू कशाला घाबरतोस?"

मामा हसले. मामींना हसू आलं नाही. त्यांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

मामांनी फोन ओढून घेतला. "तुम्ही छातीचं विचारलंत, बाई."

"चुकलं माझं. आता ऐका. रिक्षाने घरी जा. काही उचलायचं नाही, जिने नाहीत. बसल्या जागी दुखलं तर त्याच क्षणी दवाखान्यात या. नाही दुखलं तर उद्या सकाळी सरळ हृदयाच्या विभागात. मी सांगून ठेवते. पट्टाबिट्टा काही नाही, आधी ते डॉक्टर बघतील."

"म्हणजे पट्ट्यावर चालायचं नाही?"

"नाही."

"बघ," मामा मामींना म्हणाले, "मी म्हणत होतोच."

सकाळी मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. चावणारे बूटही घातले. मामींना बरं वाटलं. इतके दिवस जो माणूस बधत नव्हता तो रिक्षात शेजारी बसला होता आणि रिक्षावाल्याला सांगत होता की त्याच्या सीटचा फोम मेलाय. आता काही का निघेना, कुणीतरी बघेल. आतल्या डॉक्टरांच्या दारापर्यंत ह्यांना आणलं की आपलं काम झालं, असं त्यांना वाटत होतं.

दवाखान्यात हृदयाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टने गेले. आल्या आल्या एका मुलीने ईसीजी काढला. डॉक्टरांनी तो आत मागवून बघितला आणि निरोप पाठवला, घाईचं काही दिसत नाही, बसा, क्रमाने आत घेतो. बाहेर लांब बाक होतं, गडद रेक्झिनचं. पुढची कड फाटून आतला फोम बाहेर आला होता आणि माणसांनी बसून बसून तो कुरतडला होता. लोक त्या फाटक्या भागाला वळसा घालून बसत, त्यामुळे तिघांची जागा वाया जात होती.

मामांनी तळहात दाबून बघितला. मामींनी ते पाहिलं आणि त्यांना पुढचं सगळं कळलं.

"नाही हं," त्या म्हणाल्या.

"मी कुठे काय म्हणालो?"

"आज तुम्ही पेशंट आहात."

"ते बाक माझ्याहून आजारी आहे, अगं."

मामांच्या शर्टाच्या खिशात आतल्या बाजूने एक वाकडी सुई नेहमी टोचलेली असे, बाक, सीट, गादी, असं जे जागचं हलवता येत नाही त्यासाठी. तिच्यातच गुंडाळलेला मेणाचा दोरा. कॉरिडॉर झाडणाऱ्या मावशी जवळून गेल्या तेव्हा मामांनी त्यांच्याकडे कात्री मागितली. मावशींनी आधी संशयाने पाहिलं, मग कात्री आणून दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या. कित्येक महिने अर्ज केलाय ह्या बाकासाठी, त्या म्हणाल्या.

मामी चिडल्या. पण मग त्यांच्या मनात आलं, बसलेत ना एका जागी. उचलत नाहीयेत, चढत नाहीयेत. सुई-दोऱ्याला जोर लागत नाही. गप्प बसून छताकडे बघण्यापेक्षा हे बरं.

मामा बाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. बाहेर आलेला फोम आत सारला, रेक्झिनच्या दोन्ही कडा आत दुमडल्या आणि आतून टाके घालत निघाले. टाका बाहेरून दिसत नाही, शिवण ओढली की कडा आपोआप मिटत जातात. बघणारे जमले. एक पोटावर फाईल धरलेला गृहस्थ म्हणाला, "मला वाटलं हृदयाचं ऑपरेशन आत करतात."

"हे छोटं आहे म्हणून बाहेर," मामा म्हणाले.

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. फाटक्या भागाचा निम्मा मिटला तसे दोघं जण सरकून तिथे बसले. मामांनी त्यांना उठवलं, तळहात दाबून बघितलं, परत बसवलं.

दारात नर्स आली आणि तिने मामांचा क्रमांक पुकारला.

मामांनी वर पाहिलं. पलीकडे भिंतीला धरून एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, धापा टाकत. बाकावर त्यांच्यापुरती जागा अजून झाली नव्हती.

"ह्यांना घ्या आधी," मामा म्हणाले. "मी आहे. कोपरा राहिलाय."

"अहो!" मामी उभ्या राहिल्या.

"त्यांना उभं राहवत नाहीये, बघ तरी."

नर्सने म्हाताऱ्या बाईंना आत नेलं. मामी मामांच्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना लेकीचा फोन आला, त्यांनी तो कापला. मामा टाके घालत होते. मामींना त्यांची मान दिसत होती आणि मानेवर घाम होता. कॉरिडॉरमध्ये पंखा चालू होता.

"दुखतंय का?"

"थोडं."

"बसल्या जागी?"

मामांचा हात जबड्याकडे गेला. मामींनी दाराकडे धाव घेतली, हाताने दार वाजवलं, नर्सला काय सांगितलं ते त्यांना आता आठवत नाही. दार उघडलं. आतून डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"उठा," मामी म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उठा."

मामा उठले. हुज्जत घातली नाही. सुई रेक्झिनमध्ये टोचून ठेवली, कात्री मावशींच्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. मामींकडे बघून उजव्या कोपऱ्यातून म्हणाले, "आलो गं." दारापर्यंत पोचले. उंबऱ्याच्या आत एक पाऊल पडलं आणि तिथेच ते कोसळले.

त्यांना आत नेलं. दार बंद झालं. बराच वेळ माणसं आत-बाहेर पळत होती. डॉक्टरीणबाई लिव्हरच्या विभागातून जिन्याने धावत आल्या, आत गेल्या. भाऊ आला. लेक बसमध्ये होती, येत होती.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मामींच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी मामींचा हात हातात घेतला. "मामा गेले," त्या म्हणाल्या.

फरशीचं काम दुसऱ्या दिवशी संपलं. पंक्चरवाल्याने आणि भावाने मिळून मशीन, सांगाडे, पिंप आत आणून ठेवलं.

मावशींचा निरोप आला. बाकाचं काय करायचं, कुणी दुसरा कारागीर बघायचा का, की मामींच्या ओळखीचं कुणी आहे. मामींना वाकड्या सुईचा टाका येतो. त्या म्हणाल्या, बघू.

बाक अजून तिथेच आहे. पुढची कड मिटलेली आहे, टाका दिसत नाही. कोपऱ्याशी वीतभर उघडं राहिलंय. सुई त्यात टोचलेली आहे, दोरा खाली लोंबतोय. मावशी झाडताना तो अलगद वर उचलून धरतात आणि परत सोडतात.